भाऊबीजेला तोडलेले पाणी

आमच्या घरी भाऊबीजेच्या दिवशी एका झाडाचे पाणी तोडतात. ओवाळणे झाले, पाहुणे पानावरून उठले, की मी परसात जातो, तुळशीशेजारच्या चार कुंड्या एकेक करून उचलतो आणि जिन्याखालच्या कोरड्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो. तेव्हापासून शिमग्यापर्यंत त्यांना पाण्याचा थेंब मिळत नाही. शेजारणी हळहळतात. "गुरुजी, सणासुदीचं हिरवंगार झाड उपाशी मारता होय?" असे एकीने मला तोंडावर विचारलेही. मी हसून वेळ मारून नेतो. कारण खरे उत्तर अंगणात उभ्याउभ्या देण्याइतके लहान नाही. ते आज येथे सविस्तर सांगावे म्हणतो.

झाड म्हणजे आपली नेहमीची लिली. पुस्तकांतून तिला अॅमरिलिस म्हणतात. मुठीएवढा कंद, पट्ट्यासारखी लांब पाने आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हातभर उंच, आतून पोकळ असा एक दांडा. त्या दांड्याच्या टोकाला दोन, तीन, क्वचित चार लालभडक फुले, सनईच्या तोंडासारखी उमललेली. सगळे रान करपलेले असताना हे फूल येते, म्हणून ते डोळ्यांत भरते. वनस्पतिशास्त्रज्ञ आता कांद्याला आणि लसणालाही याच कुळात घालतात. माझी आजी चातुर्मासात कांद्याला शिवत नसे आणि त्याच्याच चुलतबहिणीला मात्र तुळशीशेजारी मानाने बसवी. तिला हे नाते कळले असते, तर लिलीची धडगत नव्हती!

या लिलीची एक खोड प्रसिद्ध आहे. हौसेने आणलेला कंद पहिल्या वर्षी झोकात फुलतो. दुसऱ्या वर्षी नुसती पाने येतात. तिसऱ्या वर्षीही पानेच. मग मालक कंटाळतो आणि कंद उकिरड्यावर जातो. तो पुन्हा फुलावा कसा, हा प्रश्न माळ्याचा, असेच मलाही वाटे. मी शिकलो मॅट्रिकपर्यंत. उमरग्यात लहान मुलांना शिकवतो आणि सवडीने कादंबऱ्या लिहितो. वनस्पतिशास्त्र माझ्या वाटेला आले ते या एका कंदापायी. पण त्याच्या मागे लागलो, आणि प्रश्नाला इतिहास फुटला.

कंदाचे मूळ घर दक्षिण अमेरिका. ब्राझील, पेरू, बोलिव्हिया या देशांत त्याच्या रानटी जाती आजही आहेत. तेथून तो दर्यावर्दी लोकांबरोबर युरोपात गेला आणि तेथे त्याच्या नावाचा मोठा घोळ झाला. लिनिअस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली आपल्या ग्रंथात 'अॅमरिलिस' हे नाव घातले. रोमन कवी व्हर्जिल याच्या काव्यात एक मेंढपाळीण आहे, तिचे हे नाव. पुढे इंग्लंडात विल्यम हर्बर्ट नावाचा एक धर्मोपदेशक निघाला. त्याला कंदवर्गाच्या झाडांचे वेडच होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची लिली वेगळी आणि अमेरिकेतली वेगळी, असे ठरवून त्याने १८२१ साली अमेरिकेतलीला 'हिप्पिएस्ट्रम' म्हटले. त्याचा अर्थ घोडेस्वाराचा तारा. मूळ नाव नेमके कोणाचे, हा वाद पुढे दीडशे वर्षे धुमसत राहिला आणि १९८७ साली बर्लिनच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मिटला. 'अॅमरिलिस' हे नाव आफ्रिकेकडे गेले. बाजाराने मात्र तो निकाल मनावर घेतलेला नाही. कुंडीवरची चिठ्ठी अजूनही मेंढपाळणीच्याच नावाची असते.

नावांच्या या भांडणापेक्षा मला अधिक आवडते ती एका घड्याळजीची गोष्ट. तेव्हाच्या लँकेशायर परगण्यात प्रेस्कॉट नावाचे गाव होते. तेथे आर्थर जॉन्सन घड्याळे बनवी. त्याने दोन जातींच्या फुलांचा संकर केला आणि १७९९ साली या वर्गातले पहिले संकरित फूल उमलवले. तांबड्या पाकळ्या आणि प्रत्येकीच्या मधोमध पांढरी रेघ, असे ते फूल. आज बाजारात जे शेकडो रंग दिसतात, त्या वाटेवरचे हे पहिले पाऊल. पुढे एका अपघातात जॉन्सनचे काचघरच नष्ट झाले. पण त्याआधी त्याने काही कंद लिव्हरपूलच्या वनस्पती-उद्यानाला दिलेले होते. तेथे ते वाढले, वाटले गेले, आणि जगले. जॉन्सनने सगळे कंद आपल्यापाशीच राखले असते, तर ते फूल त्याच्याबरोबरच संपले असते.

वाचक म्हणतील, या साहेबांच्या गोष्टींशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट आपल्या मराठी भाषेशी आहे. १७९३ च्या नोव्हेंबरात विल्यम कॅरी नावाचा एक इंग्रज बंगालात उतरला. धंद्याने चांभार, शाळा जेमतेम, आला मिशनरी म्हणून. परंतु माणूस मोठा उद्योगी. कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथे त्याने व त्याच्या सोबत्यांनी छापखाना घातला. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात तो संस्कृत आणि बंगालीबरोबर मराठीही शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठीचा कोश काढला. त्या कोशातले मराठी शब्द मोडी अक्षरांत छापलेले आहेत. मराठी मुद्रणाच्या इतिहासात हे नाव आपण शाळेत घोकतो. तो लिलीवेडा होता, हे मात्र कोणी सांगत नाही.

श्रीरामपूरला कॅरीची मोठी बाग होती. पत्र लिहिले की बिया आणि कंद मागायचे, आणि उत्तरी आपल्याकडचे पाठवायचे, हा त्याचा शिरस्ता. लिलीची जवळची नातलग अशा एका कंदाला हर्बर्टने कॅरीचेच नाव दिले आहे. आपल्या सह्याद्रीत कुंभा नावाचा जो वृक्ष आहे, त्याच्याही शास्त्रीय नावात कॅरी आहे. ते रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. मराठीचा कोशकार असा आपल्याच रानात उभा आहे आणि आपण त्याच्या सावलीतून न ओळखता जातो.

या माणसाच्या आयुष्यातले दोन प्रसंग मला विसरता येत नाहीत. ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, वर्षानुवर्षे खपून तयार केलेली हस्तलिखिते, सगळे जळाले. पण ढिगारा उपसताना, ज्यांच्यावरून अक्षरांचे साचे करतात ते पोलादी ठसे शाबूत सापडले. वितळून गोळा झालेल्या धातूतूनच मंडळींनी पुन्हा खिळे ओतले आणि काही महिन्यांत छपाई सुरू केली. दुसरा प्रसंग १८२३ चा. दामोदर नदीला महापूर आला आणि पाणी बागेत शिरले. त्या वेळी पाय दुखावल्यामुळे कॅरी अंथरुणावर होता. बागेची दैना झाली. बरा होऊन उठल्यावर त्याने बाग पुन्हा लावायला घेतली. १८३४ साली तो वारला. शेवटच्या दुखण्यात त्याला एकच घोर होता, की आपल्यामागे सोबती मार्शमन बागेत गाई सोडील! ज्याने बाग केली आहे, त्याला हा घोर कळेल.

त्याच्या पुढाकाराने १८२० साली कलकत्त्यास शेती व बागाईतीची संस्था निघाली. आपल्या बाजूला तशीच संस्था १८३० साली निघाली. पुण्याचे एम्प्रेस गार्डन ती आजही चालवते आणि दर हिवाळ्यात तेथे फुलांचे प्रदर्शन भरते. अशा संस्थांच्या बागांतून कंद बंगल्यांच्या आवारात गेले, तेथून माळ्यांच्या हाती, आणि माळ्यांच्या हातून तुमच्याआमच्या परसात. राजवाड्याचा कंद गरिबाच्या डब्यात जायला फार वेळ लागत नाही. दरवर्षी त्याला पिले होतात, आणि पिले वाटल्याशिवाय कुंडीत जागा होत नाही.

आता उमरग्याकडे येतो. आमचा मुलूख निजामाच्या राज्यातला. कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळ्याला हैदराबाद गाठायचे. माझ्या आत्याच्या सासऱ्यांनी अशाच एका खेपेत तिकडच्या एका माळ्याकडून लिलीचा कंद आणला. आत्याचे गाव सास्तूरच्या बाजूचे. ती गावे आज लोहारा तालुक्यात आहेत. तेव्हा उमरगा तालुक्यात होती. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर सागवानी तुळया, आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. त्या वाड्याच्या चौकात तुळशीपाशी तेलाच्या रिकाम्या डब्यात आत्याने तो कंद लावला होता. दरवर्षी तो फुले. फुलला, की आमच्या वडिलांना निरोप येई, "दादा, लिली आलीय, पोरांना घेऊन या."

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटे कमी. गणपती विसर्जन करून माणसे नुकती निजली होती. भूकंप झाला. मी तेव्हा सातवीत होतो. उमरग्यात आम्ही अंगणात पळालो आणि पुढे कित्येक रात्री बाहेरच निजलो. पण किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात बाहेर पळायला कोणाला सवडच मिळाली नाही. ज्या माळवदांनी पिढ्यान्‌पिढ्या सावली दिली, तीच खाली आली. सरकारी आकड्याप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. आमची आत्या त्यांतली एक. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणत असू, विसर्जनानंतर शेतात जागलीला गेले होते, म्हणून वाचले.

त्या वर्षी आमच्या घरी दिवाळी झाली नाही. भाऊबीजेच्या दिवशी वडील दिवसभर ओसरीत बसून होते. दरवर्षी त्या दिवशी सकाळच्या मोटारीने ते आत्याकडे जात. सवयीने त्यांनी टोपी घातली होती, एवढेच मला आठवते.

पुढच्या वैशाखात मामा पत्र्याच्या शेडमधून जुन्या गावी गेले. लाकूडफाटा काही हाती लागतो का, ते पाहायला. वळवाचा एक पाऊस नुकताच पडून गेला होता. चौक ओळखूही येत नव्हता. पण दोन दगडांच्या फटीतून एक दांडा वर आला होता आणि त्याला दोन लाल फुले होती. मामांनी तेथेच बसून हातांनी माती उकरली. डबा चेपला होता. आत एकाला एक चिकटलेले चार कंद होते. दोन त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि दोन फडक्यात बांधून उमरग्याला आणून माझ्या आईच्या हातात दिले. बोलले काही नाहीत.

त्या दोन कंदांचे आईने जे लाड केले, ते माझेही कधी केले नसतील. चांगली मोठी कुंडी आणली. कंद मानेपर्यंत मातीत पुरले, थंडी लागू नये म्हणून. सकाळ-संध्याकाळ पाणी. "एवढ्या ढिगाऱ्याखाली आठ महिने तहानलेलं राहिलंय ते," ती म्हणे, "आता त्याला तहान लागू द्यायची नाही." आणि मी काय केले? कंद जिवंत आहे का, हे पाहायला दोनदा तो उपटला. गुपचूप, आई बाजाराला गेल्यावर. १९९५ गेले, ९६ गेले, ९७ गेले. पाने हिरवीगार, पण फूल नाही. आई बोलून दाखवत नसे, पण उन्हाळा आला की रोज सकाळी कुंडीत वाकून पाही. दरम्यान मामांकडचे दोन कंद शेडच्या पागोळ्यांखाली पावसात कुजून गेले होते. म्हणजे आत्याच्या हातचे जे काही उरले होते, ते आमच्या कुंडीत. आणि ते फुलत नव्हते.

१९९७ च्या भाऊबीजेला मामा अचानक आमच्याकडे आले. वडिलांना एकटे वाटत असेल म्हणून आले, असे मला आज वाटते. चहा झाला. परसात आई कुंडीला पाणी घालत होती. मामा बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, हिला अजून पाणी घालायलाव?"

"मग? नको घालू?"

"आमच्या घरी दिवाळीला डबा जिन्याखाली जायचा. रांगोळीला जागा पाहिजे म्हणायची. पुन्हा शिमग्याला आठवण झाली की बाहेर काढायची. तोवर कोण पाणी घालतंय तिथं?"

एवढेच. आत्याला कोणी शास्त्र शिकवले नव्हते. तिला रांगोळीला जागा हवी होती.

त्याच दिवशी वडिलांनी कुंडी उचलून जिन्याखाली ठेवली. पाने पिवळी पडली, वाळली, गळाली. आईने तिकडे पाहायचे सोडून दिले. झाड आपल्या हाताने मारले, अशी तिची समजूत झाली होती. शिमगा झाल्यावर वडिलांनी कुंडी बाहेर काढली, वरची माती उकरून कंदाची मान मोकळी केली, आणि एक तांब्या पाणी घातले. तीनेक आठवड्यांनी मानेतून बोटाएवढे काहीतरी वर आले. पान चपटे असते. हे टोकाला फुगीर होते. आई ओरडलीच. चैत्रात फूल आले. वडिलांनी मामांना निरोप धाडला, "दाजी, लिली आलीय." मामा एसटीने आले, कुंडीसमोर पाटावर बसले, आणि जेवायला हाक मारली तरी बराच वेळ उठले नाहीत. जाताना त्यांनी एक पिलू मागून नेले. जागतिक बँकेच्या कर्जातून वसवलेल्या नव्या गावात, सरळ रांगांतल्या त्या घरांपैकी एकापुढे, ते आजही फुलते.

याचे शास्त्र मला पुष्कळ पुढे वाचायला मिळाले. कंद म्हणजे पानांच्या बुडांचे एकावर एक थर, कांद्यासारखेच. साधारण दर चार पानांमागे आत एक फुलाचा कोंब धरतो आणि बाहेर येण्याआधी वर्षभर तो आतच वाढत असतो. म्हणजे या उन्हाळ्याचे फूल हे या उन्हाळ्याचे नसतेच. गेल्या पावसाळ्यात ज्या पानांनी ऊन खाल्ले, त्यांची ती कमाई. मग काही आठवडे कोरडी विश्रांती मिळाली, की तो कोंब बाहेर यायला सिद्ध होतो. आपल्याकडे टोपलीत ठेवलेला कांदा माती-पाण्यावाचून आपला आपण कोंब धरतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. तोच हा प्रकार. आमची कुंडी फुलत नव्हती, ती आईच्या मायेमुळे आणि माझ्या उतावळेपणामुळे. एकीने तिला निजू दिले नाही, दुसऱ्याने तिची मुळे दुखावली.

हे वाचले त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही. मामांनी ढिगाऱ्यात पाहिलेले ते फूल ९४ च्या वैशाखातले. म्हणजे ९३ च्या पावसाळ्यात, आत्या डब्याला पाणी घालत होती तेव्हा, ते कंदात धरलेले होते. भूकंपाच्या रात्री ते आत होतेच. ते फूल आत्यानेच केलेले होते. ते पाहायला मामा गेले, एवढेच.

मामा आता नाहीत. वडीलही नाहीत. आई आहे. पाणी तोडायचा हक्क तिने मला दिला आहे. कुंडी बाहेर काढायचा मात्र स्वतःकडे ठेवला आहे.

ज्यांच्या घरी रुसलेली लिली असेल, त्यांनी या दिवाळीत एवढे करावे. पाणी तोडावे आणि कुंडी कोरड्या जागी ठेवावी. पाने पिवळी पडली तरी घाबरू नये. वाळली की काढावीत, हिरवी असताना कापू नयेत. आठदहा आठवडे तिला विसरावे. थंडी सरल्यावर बाहेर काढून कंदाचा वरचा तिसरा हिस्सा उघडा राहील अशी माती करावी, थोडे पाणी द्यावे, आणि कोंब दिसला की मग नेमाने घालावे. फूल सुकल्यावर दांडा कापावा, पण पाने राखावीत. त्यांना भरपूर ऊन आणि शेणखत द्यावे, कारण पुढच्या वर्षीचे फूल तीच करणार असतात. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेली अळी पानांवर येते, ती हाताने वेचावी. कंद विषारी असतो, म्हणून कांद्याच्या टोपलीजवळ तो कधी ठेवू नये. आणि कुंडी उगाच मोठी करू नये, कंद उपटून तर मुळीच पाहू नये. हे मी अनुभवाने सांगतो.

आणि पिले झाली, की एखादे कोणाला तरी द्यावे. मी यंदा दोन देणार आहे. त्यांतले एक त्या शेजारणीला, जी मला झाड उपाशी मारता होय म्हणाली तिला. देताना पाणी कधी तोडायचे, तेही सांगेन.